मानेचे दुखणे, डोक्याची फिर्याद (लेखांक नववा)

गेल्या लेखांकात वेदनाशामक गोळ्यांचा विचार करताना आपण असे पाहिले की, महिन्यातील 15 किंवा त्याहून अधिक दिवस साधी वेदनाशामक गोळी घेण्याचा क्रम काही महिने चालू राहिला, म्हणजे तीच गोळी पुढे डोकेदुखीचे कारण होऊन बसते. त्यावर साहजिकच असा प्रश्न उभा राहतो की, गोळी कमी करावयाची तर तिच्या जागी कशाची तजवीज करावयाची. सर्वांना नव्हे, परंतु पुष्कळांना लागू पडणारे एक उत्तर मनुष्याच्या हातात, अगदी शब्दशः हातात, आहे. हाताने केलेल्या सौम्य उपचाराने कोणती डोकेदुखी शमते, ती का शमते आणि या उपचाराची हद्द कोठे संपते, याचा तपशील आज द्यावयाचा आहे.

डोके दुखू लागले की हात कपाळाकडे जावा, हा मनुष्यस्वभावच आहे. आपल्या घरांतून सुंठ उगाळून कपाळावर लेप घालणे, फडके आवळून बांधणे, टाळूवर तेल थापणे हे उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. नाभिकाच्या दुकानात केस कापून झाल्यावर चंपी करून घेण्याचा रिवाज अजूनही मोडलेला नाही. आणि 1893 साली मुंबईत निघालेल्या अमृतांजनाने तर कपाळ चोळण्याच्या या सवयीला एक डबीच मिळवून दिली. शास्त्रकारांनीही हा विषय उपेक्षिलेला नाही. वाग्भटाने डोक्यावर तेल योजण्याचे अभ्यंग, सेक, पिचू आणि बस्ती असे चार प्रकार सांगितले असून, त्यांपैकी अभ्यंग, म्हणजे तेल लावून केलेले मर्दन, हा सर्वांत सौम्य मानला आहे. परंतु त्याहून अधिक लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट सुश्रुताची आहे. त्याने उत्तरतंत्रात शिरोरोगांचे 11 प्रकार वेगळे करून मग त्यांची चिकित्सा सांगितली. ज्या नगर शहरात 1917 सालापासून आयुर्वेदाचे महाविद्यालय नांदत आले आहे, त्या जिल्ह्यातील वाचकांना या क्रमाचे महत्त्व विशद करून सांगावयास नको: आधी निदान, नंतर उपचार. आपण बहुधा उलट करतो. डोके दुखले की ते कोणत्या जातीचे दुखणे आहे हे न विचारताच चोळू लागतो.

आधुनिक वैद्यकाने डोकेदुखीचे जे शेकडो भेद नोंदले आहेत, त्यांपैकी आपल्या प्रस्तुत विषयाशी तिहींचा संबंध येतो. पहिली ताणाची डोकेदुखी, जीत डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटते. दुसरी अर्धशिशी, जीत ठणका, मळमळ आणि उजेडाचा तिटकारा यांचा त्रास होतो. आणि तिसरी मानेतून उद्भवणारी डोकेदुखी, जिला नॉर्वेतील मज्जाविकारतज्ज्ञ ओत्तार स्यास्ताद यांनी 1983 साली स्वतंत्र विकार म्हणून पुढे मांडले. ही तिसरी डोकेदुखी बहुधा एका बाजूची असते, मानगुटीपासून निघते, कानामागून चढत कपाळाशी किंवा डोळ्याच्या मागे येऊन ठाण मांडते आणि मान वळविली किंवा फार वेळ एका स्थितीत ठेवली की बळावते.

मूळ मानेत असून तक्रार कपाळाने का करावी, याचा उलगडा शरीररचनेतच आहे. मानेच्या वरच्या तीन मणक्यांपाशी असलेल्या सांध्यांतून व स्नायूंतून वेदनेची वार्ता वाहून आणणारे मज्जातंतू, आणि कपाळ, डोळा व गाल यांच्याकडून येणारा त्रिमूल मज्जातंतू, हे दोन्ही मज्जारज्जूच्या वरच्या टोकाशी एकाच केंद्रात उतरतात. मुळा धरणाच्या कालव्यावर दोन चाऱ्यांचे पाणी एका पाटात मिसळले, म्हणजे शेवटच्या शेतकऱ्यास आपल्या वावरात शिरलेले पाणी कोणत्या चारीचे हे ओळखता येत नाही. मेंदूचीही तीच स्थिती होते आणि मानेतून आलेली वेदना तो कपाळाच्या नावे जमा करतो. परिणाम असा की, रोगी बाम कपाळाला चोळतो आणि खोड मात्र चार बोटे खाली मानगुटीत तशीच राहते.

राहुरीसारख्या तालुक्यात मानेवर येणारा भार ही काही पुस्तकातील कल्पना नव्हे. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू झाला की, पाथर्डी, शेवगाव आणि बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या या पट्ट्यात उतरतात. दिवसभर वाकून तोडलेल्या उसाच्या 30 ते 40 किलोंच्या मोळ्या डोक्यावर घेऊन, फळीवरून तोल सांभाळीत, ट्रकमध्ये चढवाव्या लागतात, आणि या कामात बायका पुरुषांच्या बरोबरीने असतात. डोक्याखाली चुंबळ असली तरी ती टाळूचे रक्षण करते, मानेचे नाही; मोळीचे वजन मणक्यांच्या सांध्यांवरूनच खाली उतरते. पाण्याचा हंडा, गवताचा भारा आणि कपाशीच्या वेचणीत तासन्‌तास झुकलेली मान यांचाही हिशेब त्यातच धरावा लागतो. दुसऱ्या टोकाला कचेरीतील कारकून आणि परीक्षेचा विद्यार्थी. त्यांच्या डोक्यावर मोळी नसते, परंतु साडेचार-पाच किलोंचे स्वतःचे डोके पुढे काढून ते दप्तरावर किंवा मोबाइलवर खिळलेले असतात, आणि मानेच्या मागील स्नायूंना ते दिवसभर सावरून धरावे लागते.

ही डोकेदुखी मानेचीच आहे काय, याची परीक्षा भौतिकोपचारतज्ज्ञ हातानेच करतो. रोग्यास उताणे निजवून, त्याची हनुवटी छातीकडे पूर्ण झुकवून, त्याच स्थितीत डोके हलकेच एकदा उजवीकडे व एकदा डावीकडे वळविले जाते. मान अशी झुकली असता खालच्या मणक्यांचे वळणे जवळजवळ बंद होते आणि पहिल्या-दुसऱ्या मणक्यांमधील सांधाच तेवढा उघड होतो. निरोगी मनुष्यात तो प्रत्येक बाजूस सुमारे 44 अंश वळतो, परंतु मानेच्या डोकेदुखीत दुखऱ्या बाजूस त्यात लक्षणीय घट आढळते. त्यानंतर मानगुटीत बोटांनी चाचपून पाहताना एखाद्या ठिकाणी दाब दिला असता रोग्याची नेहमीची डोकेदुखी जशीच्या तशी उमटली, तर संशय बराच पक्का होतो.

उपचार पाहणाऱ्यास विशेष काही घडते आहे असे वाटतही नाही, इतका तो सौम्य असतो. रोगी उताणा निजलेला, उपचारक त्याच्या डोक्याशी बसलेला; कवटीच्या मागील कडेखाली बोटांची टोके ठेवून, डोक्याचे वजन त्यांवर आपोआप विसावू द्यावयाचे आणि दोन-तीन मिनिटे कोणतीही घाई न करता थांबावयाचे. त्या कडेखालचे आखूड स्नायू सैल होऊ लागले म्हणजे मणक्यांच्या सांध्यांना अगदी थोड्या अंतराचे, तालबद्ध, मागेपुढे हेलकावे दिले जातात. ऑस्ट्रेलियातील जेफ्री मेटलंड यांनी अशा हालचालींच्या पायऱ्या मुक्रर करून दिल्या असून, वेदना असताना पहिल्या दोन, म्हणजे सर्वांत हलक्या, पायऱ्यांपलीकडे जाऊ नये असा दंडक आहे. न्यूझीलंडच्या ब्रायन मलिगन यांच्या पद्धतीत रोगी बसलेला असतो आणि उपचारकाने मणक्यास आधार दिला असता डोकेदुखी तत्काळ थांबली तरच ती क्रिया पुढे चालवावयाची, अन्यथा सोडून द्यावयाची असते. खांद्यापासून मानगुटीपर्यंतचा स्नायू आणि चावण्याचे स्नायू यांवर सावकाश, स्थिर दाब देणे हाही या उपचाराचाच भाग होय.

एवढ्या हलक्या स्पर्शाने वेदना का शमावी? रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 साली मांडलेल्या सिद्धान्ताप्रमाणे, स्पर्श व दाब यांची संवेदना मज्जारज्जूत पोचली असता वेदनेस मेंदूकडे जाण्याची वाट तेथेच काही अंशी रोखली जाते. घरोघरीच्या चोळण्याला जो तात्पुरता गुण येतो, त्याचे रहस्य बहुधा हेच. परंतु तात्पुरता गुण आणि टिकाऊ गुण यांत अंतर आहे. ऑस्ट्रेलियात ग्वेन्डोलेन जुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानेच्या डोकेदुखीचे 200 रुग्ण घेऊन केलेली परीक्षा 2002 साली प्रसिद्ध झाली. तीत सहा आठवड्यांत आठ ते बारा वेळा हस्तोपचार, किंवा मानेच्या खोल स्नायूंचा हलका व्यायाम, किंवा दोन्ही, अशी विभागणी होती, आणि एका गटास यांपैकी काहीच दिले नव्हते. हस्तोपचाराने आणि व्यायामाने डोकेदुखीची वारंवारता व तीव्रता दोन्ही घटली आणि ती घट बारा महिन्यांनंतरही टिकून राहिली.

तो व्यायाम असा साधा आहे की त्याला खर्च नाही व साधनही नाही. उताणे निजून, उशी पातळ ठेवून, कोणाला मुकाट्याने होकार द्यावा तशी हनुवटी हलकेच खाली झुकवावी, डोके उशीवरून उचलू नये, गळ्याचे वरचे स्नायू ताठ होऊ देऊ नयेत. दहा सेकंद धरून सोडावे आणि असे दहा वेळा, दिवसातून दोनदा करावे. हाताच्या उपचाराने जी मोकळीक मिळते ती मोळी उचलणाऱ्या किंवा दप्तरावर झुकणाऱ्या मानेत टिकवावयाची असेल, तर हा व्यायाम रोग्याने स्वतःच केला पाहिजे.

आता मर्यादा. अर्धशिशीचे मूळ मेंदूच्या कार्यात असल्याने मानेवरील उपचार तीत पूरक ठरू शकतो, औषधाची जागा घेऊ शकत नाही. कवटीची हाडे बोटांनी सरकवून मेंदूभोवतीच्या द्रवाचा प्रवाह सुधारतो असे सांगणारे पंथही आहेत. परंतु प्रौढांच्या कवटीचे सांधे दातेरी शिवणीने घट्ट जखडलेले असतात, आणि त्या दाव्यास विश्वसनीय पुरावा लाभलेला नाही. सर्वांत मोठी ताकीद मात्र चंपीच्या शेवटी झटका देऊन मान कडकन मोडण्याविषयी द्यावयाची आहे. मेंदूकडे जाणारी एक रोहिणी पहिल्या मणक्यास वळसा घालून वर चढते. अचानक पिळाने तिचे आतील अस्तर फाटून पक्षाघात होऊ शकतो. असे क्वचितच घडते, परंतु घडले म्हणजे त्याची भरपाई होत नाही, सबब मान मोडून देण्यास कोणासही मुभा देऊ नये.

काही डोकेदुख्यांना तर हात लावण्यापूर्वीच रुग्णालय गाठावयाचे असते. क्षणार्धात पराकोटीला पोचलेली डोकेदुखी. ताप आणि मानेचा ताठरपणा. हातापायातील अशक्तता, बोबडी वळणे किंवा दृष्टीत अंधार. डोक्यास मार लागल्यानंतर वाढत जाणारे दुखणे. गरोदरपणी उद्भवलेले तीव्र दुखणे. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले दुखणे: यांपैकी एकही लक्षण असले तर मालीश, बाम व गोळी तिन्ही बाजूला ठेवून वैद्यकीय अधिकाऱ्यापुढे रुजू व्हावे.

आपल्या प्रांतात भौतिकोपचाराचे शिक्षण 1953 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले, तेव्हा ते शहरी लोकांच्याच आवाक्यातले होते. आज राहुरीच्या एका अंगास लोणी आणि दुसऱ्या अंगास विळदघाट येथे या शास्त्राची महाविद्यालये आहेत. उपचार दूर राहिलेला नाही, दूर आहे ती त्याची माहिती. म्हणून वाचकांस विनंती अशी की, घरातील कोणी, विशेषतः डोक्यावर ओझे वाहणारी बाई, वारंवार डोकेदुखीची गोळी मागत असेल, तर गोळी देण्याअगोदर तिला दुखणे कोठून निघते ते विचारावे; तिचे बोट मानगुटीकडे गेले, तर तिची मान एकदा जाणत्या भौतिकोपचारतज्ज्ञास दाखवावी. पुढील लेखांकात निद्रा आणि डोकेदुखी यांच्या संबंधाचा विचार करू.