जमीन विकण्यापूर्वी दप्तर तपासावे

शेतजमीन विकण्याची वेळ शेतकऱ्यावर बहुधा निकडीच्या प्रसंगी येते. कोठे आजारपण असते, कोठे कर्जफेड, तर कोठे अधिक सोयीची जमीन घेण्याचा विचार. गिऱ्हाईक मिळते, भाव ठरतो, इसारही घेतला जातो. आणि दस्त करण्याच्या सुमारास असे ध्यानात येते की, सातबाऱ्यावर नाव अद्याप दिवंगत वडिलांचेच आहे. मग महिने जातात, गिऱ्हाईक माघार घेते आणि इसाराच्या रकमेवरून तंटा उभा राहतो. वेळच्या वेळी नोंद केली असती तर हे सर्व टळले असते.

उतारे कसे वाचावेत

मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा 1903 साली झाला. महाराष्ट्रात आज ही नोंद महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 प्रमाणे ठेवली जाते. सातबारा म्हणजे गाव नमुना सात व गाव नमुना बारा यांचा एकत्र उतारा होय. सातमध्ये क्षेत्र, आकार, भोगवटादाराचे नाव व इतर हक्क असतात. बारामध्ये पिकांची नोंद असते. एका खातेदाराची त्या गावातील सर्व जमीन आठ-अ च्या उताऱ्यावरून कळते. नाव खरेदीने लागले, वारसाने की वाटणीने, हे गाव नमुना सहामधील फेरफारावरून समजते.

सातबाऱ्यावरील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते. तथापि तो उतारा म्हणजे खरेदीखत नव्हे. म्हणून जुनी खरेदीखते, वाटणीपत्रे व फेरफारांच्या नकला एकत्र जपून ठेवणे इष्ट होय.

वारसांची नोंद

खातेदार मृत्यू पावल्यास वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास कळवावे, असा कायदा आहे. मृत्यूचा दाखला व सर्व वारसांची माहिती अर्जासोबत द्यावी. ती माहिती वारस नोंदवहीत घेऊन चौकशी होते, फेरफार धरला जातो व हितसंबंधितांना नोटीस निघते. हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. उशीर झाला तरी नोंद होतेच. पण दरम्यान आणखी कोणी वारल्यास वारसांची साखळी लांबते आणि सह्या जमविणे कठीण होते.

समजा, एका शेतकऱ्यामागे पत्नी, दोन मुलगे व एक विवाहित मुलगी आहे. जमीन मुलगेच कसतात, म्हणून अर्जात त्यांचीच नावे दिली जातात. ही मोठी चूक होय. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 प्रमाणे आई व बहीण याही वारस आहेत. 2005 च्या दुरुस्तीने तर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस मुलाइतकाच हक्क मिळाला आहे. नाव वगळल्याने तिचा हक्क बुडत नाही. विक्रीनंतर ती न्यायालयात गेली, तर खरेदीदार विकणाऱ्यालाच जाब विचारतो, आणि भावाबहिणीतील जिव्हाळा तुटतो तो निराळाच. बहिणीस स्वखुशीने हिस्सा सोडावयाचा असेल, तर त्याचे हक्कसोडपत्र नोंदलेले असावे. साध्या कागदावरील अंगठा पुरेसा नाही.

इतर हक्काचा रकाना

कित्येकदा सोसायटीचे कर्ज फिटून वर्षे लोटतात, परंतु बोजा तसाच राहतो. कर्ज फिटल्याचा दाखला तलाठ्यास देऊन तो कमी करून घ्यावा. अज्ञान असताना ‘अ. पा. क.’ म्हणून लागलेली नोंद मुलगा सज्ञान झाल्यावर काढून घ्यावी. जमीन ‘भोगवटादार वर्ग 2’ ची असल्यास सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते काय, हे तहसील कार्यालयात आधीच विचारावे. घेणारा शेतकरी नसेल, तर शेतजमिनीच्या विक्रीस कूळकायद्याची आडकाठी येते, याचीही आठवण ठेवावी.

कागदावरील क्षेत्र व प्रत्यक्ष वहिवाट यांत फरक दिसल्यास तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीच्या खुणा कायम करून घ्याव्यात. शेजाऱ्याशी वाद असलेल्या बांधासह जमीन विकणे म्हणजे तो वाद नव्या मालकाच्या गळ्यात घालणे होय.

कार्यकर्त्यांचे काम

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी या कामी पुढाकार घ्यावा. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत होते. त्याच वेळी त्या घरातील मंडळींना तीन महिन्यांच्या मुदतीची आठवण द्यावी आणि आई, बहिणी यांसह सर्व वारसांची नावे सांगण्यास सुचवावे. शेतकऱ्यानेही वर्षातून एकदा, हंगाम आटोपल्यावर, आपला सातबारा व आठ-अ काढून घरच्या सर्वांसमोर वाचावा. चूक दिसल्यास ती दुरुस्त करण्यास तेव्हा सवड असते. गिऱ्हाईक दारात उभे राहिल्यावर ती मिळत नाही.