हुंगणारी पट्टी

मार्च २००३ मध्ये मुलुंडला लोकलच्या डब्यात स्फोट झाला, जुलैत घाटकोपरला बसमध्ये. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेवर सात स्फोट झाले, त्यांतले दोन जोगेश्वरी आणि बोरिवली इथले होते. गर्दीतली प्रत्येक बॅग उघडून पाहणं अशक्यच. स्फोटकाचा लवलेश हुंगणारं देशी यंत्र हवं होतं. त्यावरचं मोलाचं काम याच उपनगरांत, पवईच्या आयआयटीत झालं.

२००६ मध्येच तिथे केंद्र सरकारच्या निधीतून नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचं उत्कृष्टता केंद्र सुरू झालं. प्रा. व्ही. रामगोपाल राव आणि सहकाऱ्यांनी हाती घेतली एक सूक्ष्म पट्टी: एक टोक घट्ट रोवलेलं, दुसरं अधांतरी. तिच्यावर खास रसायनाचा थर असतो. टीएनटीचे रेणू त्याला चिकटले की पृष्ठभागावर ताण येतो आणि पट्टी अगदी किंचित वाकते. आतल्या रोधकाचा विद्युतरोध बदलतो, तोच मोजायचा. सिलिकॉन फार ताठ, म्हणून त्यांनी एसयू-८ हे लवचिक पॉलिमर घेतलं आणि त्यातच कार्बन ब्लॅक मिसळून रोधक घडवला. एसयू-८ अतिनील किरणांनी घट्ट होतं, त्यामुळे ते हाताळायच्या खोलीत पिवळाच प्रकाश असतो.

रसायनाऐवजी प्रतिपिंडांचा थर दिला, तर हीच पट्टी रक्तातली प्रथिनं ओळखते. हृदयविकाराच्या झटक्याची खूण पटवणारा ‘आयसेन्स’ प्रकल्प याच विचारातून आला. खरी कसोटी इथेच लागते. प्रतिपिंडांना उष्णता सोसत नाही, म्हणून तो थर सगळ्यात शेवटी चढवायचा. रक्ताचा थेंब पट्टीपर्यंत पोचवायचा, पण विजेच्या जोडण्या कोरड्या ठेवायच्या. शिवाय उकाडा आणि दमट हवाही पट्टीला वाकवतात. त्यावर उपाय म्हणजे शेजारी रेणू न पकडणारी जुळी पट्टी ठेवायची आणि दोघींच्या नोंदींतला फरक तेवढा खरा मानायचा.

आयआयटीच्याच उद्योग-संगोपन केंद्रात ‘नॅनोस्निफ’ ही कंपनी वाढली. एप्रिल २०२१ मध्ये तिचं स्फोटकं हुंगणारं यंत्र ‘नॅनोस्निफर’ बाजारात आलं. बॅगेवरून फिरवलेला फाया यंत्रात घातला की दहा सेकंदांच्या आत निकाल मिळतो.

केंद्र उभं राहिल्यापासून यंत्र बाजारात येईपर्यंत पंधरा वर्षं गेली. रसायन, जीवशास्त्र, यांत्रिकी आणि इलेक्ट्रॉनिक्स एका छताखाली नांदायला एवढा काळ लागतोच. पवईची प्रयोगशाळा २००८ पासून देशभरच्या संशोधकांनाही खुली आहे. असं अनेक शाखांना जोडणारं काम वर्षाकाठच्या शोधनिबंधांवर जोखू नये. त्याला दशकाची मुदत आणि अखंड निधी द्यायला हवा.