स्पेलिंग पाठ होत नाही? आधी शब्दाचे तुकडे करा

पाचवीतल्या एका मुलीची वही परवा तिची अम्मी घेऊन आली. ‘वेन्सडे’चं स्पेलिंग पन्नास वेळा लिहिलेलं. पहिल्या तीन ओळी बरोबर, चौथ्या ओळीत मधला डी गळाला आणि शेवटपर्यंत गळलेलाच. “सर, रात्री पाठ करते, सकाळी साफ विसरते. मला इंग्रजी येत नाही, मी काय शिकवणार?”

मी विचारलं, हिला कायदा कोणी शिकवला? म्हणाल्या, मीच, घरी.

मग अर्धं काम झालेलंच आहे. कायद्यात मूल नुसती अक्षरं घोकत नाही, हिज्जे करतं. अलिफ-बा जबर अब. जेवढ्या हरकती तेवढे तुकडे, आणि तुकडे जोडले की लफ्ज तयार. इंग्रजीत या तुकड्याला सिलॅबल म्हणतात. तिथे जेवढे स्वरांचे आवाज तेवढे सिलॅबल. आवाज मोजायचे बरं का, अक्षरं नाही. ‘मेक’मध्ये ए आणि ई अशी स्वरांची दोन अक्षरं आहेत, पण शेवटचा ई मुका, म्हणून सिलॅबल एकच.

मोजायची सोपी युक्ती आहे. हनुवटीखाली हात धरा आणि शब्द सावकाश बोला. हनुवटी जितक्या वेळा खाली येईल तितके तुकडे. पेन्सिल दोन, हॉस्पिटल तीन, इलेक्ट्रिसिटी पाच. यासाठी आईला इंग्रजी यायलाच पाहिजे असं नाही.

आता तो वेन्सडे. बोलताना ‘वेन्झ-डे’, दोनच तुकडे. डी ऐकूच येत नाही, मग मूल लिहिणार कुठून? म्हणून लिहिताना मनात म्हणायचं, वेड-नेस-डे. तीन तुकडे, प्रत्येकात तीन अक्षरं. फेब्रुवारीचंही तसंच: फेब-रु-अ-री, म्हणजे तो पहिला आर सुटत नाही. हे हिज्जे फक्त लिहिण्यासाठी. चारचौघांत ‘वेडनेसडे’ म्हणू नका.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो एकाच अक्षराच्या जोडीचा. ‘डिनर’मध्ये एन एक की दोन? इथे तश्दीद आठवा. तश्दीदचं अक्षर दोनदा वाचतात, एकदा मागच्या तुकड्याशी जोडून, एकदा स्वतःच्या हरकतीसह. तसंच डिन-नर, रॅब-बिट. एक एन काढला तर पहिला तुकडा आयवर उघडा राहतो, आय लांबतो आणि शब्द होतो ‘डायनर’, म्हणजे जेवणारा! फरक एवढाच की तश्दीद कानाला ऐकू येते, इंग्रजीतली जोडी फक्त कागदावर असते. बोलताना रॅबिटच. आणि हा नियम सगळीकडे चालत नाही. ‘लिमिट’, ‘व्हिजिट’ यांत आय आखूड आहे, तरी पुढचं अक्षर एकच. असे शब्द वेगळ्या पानावर लिहून ठेवावेत.

आपल्या उर्दू बोलणाऱ्या घरांची एक खास अडचण आहे: इस्कूल, इस्टेशन. उर्दूत आपण तो शब्द अलिफ लावूनच लिहितो, त्यामुळे जिभेला सवय झालेली. पण ‘स्कूल’ एकच सिलॅबल आहे, ‘इस्कूल’ म्हटलं की हनुवटी दोनदा हलते. उपाय म्हणजे आधी सापासारखा नुसता ‘स्स्स्’ लांबवायचा आणि त्यातूनच ‘कूल’वर यायचं. चार-पाच दिवसांत फरक पडतो. फिलम-फिल्मचंही तेच, एक तुकडा जास्तीचा.

उच्चारासाठी आणखी एक गोष्ट. इंग्रजीत सगळे तुकडे सारख्या जोराने बोलत नाहीत. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या तुकड्यावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर: फ-टॉ-ग्र-फर. बाकीचे तुकडे दबून जातात, आणि स्पेलिंग चुकतं ते बहुतेक त्या दबलेल्या तुकड्यातच. ‘सेपरेट’च्या मधल्या ए-ऐवजी मुलं ई लिहितात, ते यामुळेच.

त्या मुलीला आता रोज पाचच शब्द देतो, प्रत्येक शब्द तुकडे पाडून दोनदा लिहायचा. अम्मी हनुवटी मोजतात. काल ती विचारत होती, “सर, सॅट-टर-डे, मग टी दोन का नाहीत?”

मी म्हटलं, लिमिटच्या पानावर लिही.