बॅकअप उघडून पाहिलात का?

इथे टेक्सासमध्ये छोट्या-मध्यम कंपन्यांचे डेटाबेस सर्व्हर तपासणं हे माझं रोजचं काम. तक्रार बहुतेक वेळा एकच असते, "सर्व्हर स्लो झालाय, नवा घ्यावा लागेल का?"

बऱ्याचदा लागत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरला आपण मेमरीची मर्यादा घातली नाही, तर ती २,१४,७४,८३,६४७ मेगाबाइट धरली जाते. म्हणजे मर्यादा नाहीच! मग डेटाबेस मेमरी व्यापत जातो आणि विंडोजची कोंडी होते. 'कॉस्ट थ्रेशोल्ड फॉर पॅरललिझम' हा आकडाही मुळात ५ असतो. आजच्या मशीनसाठी तो फारच कमी आहे, त्यामुळे किरकोळ क्वेरीसुद्धा अनेक कोअर अडवून बसतात. दोन्ही आकडे सर्व्हर बंद न करता बदलता येतात.

पण वेगाआधी मी विचारतो, "बॅकअप शेवटचा रिस्टोर कधी करून पाहिलात?" यावर सहसा शांतता पसरते. रिपोर्टवर रोज हिरवी खूण दिसते, तेवढ्यावर सगळे निर्धास्त असतात.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला. बॅकअपच्या पाच सोयी होत्या, ऐनवेळी त्यांपैकी एकीवरही भिस्त ठेवता आली नाही. एका इंजिनिअरने सुमारे ६ तास आधी वेगळ्याच कामासाठी काढलेली प्रत होती, म्हणून निभावलं. मधल्या तासांचा डेटा मात्र गेलाच.

तुमचं दुकान न्यू जर्सीत असो की नाशकात, महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोर करा, त्यावर 'डीबीसीसी चेकडीबी' चालवा आणि कालचं बिल उघडून बघा. ते दिसलं, तरच बॅकअप आहे म्हणायचं.