नेव्हिल डिसूझा

नेव्हिल स्टीफन डिसूझा (३ ऑगस्ट १९३२ – १६ मार्च १९८०) हे मुंबईचे गोमंतकीय वंशाचे भारतीय फुटबॉल खेळाडू होते. आघाडीच्या फळीत मध्यभागी खेळणारे डिसूझा १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारतीय संघात होते. १ डिसेंबर १९५६ रोजी त्यांनी यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू मानले जातात. त्या स्पर्धेत त्यांनी एकूण चार गोल केले आणि सर्वाधिक गोल करणाऱ्या तीन खेळाडूंमध्ये त्यांची गणना झाली. भारताला त्या वर्षी मिळालेले चौथे स्थान ही ऑलिंपिक फुटबॉलमधील भारताची आजवरची सर्वोत्तम कामगिरी आहे.

डिसूझा यांच्या कारकिर्दीविषयी लिहिताना बहुतेक लेखक हॅटट्रिकपाशी थांबतात. ती कोणत्या परिस्थितीत झाली आणि तिचे मोल किती, हे समजण्यासाठी त्या काळची मुंबई, तेव्हाचा भारतीय संघ आणि ती स्पर्धा या तिन्हींचा विचार करावा लागतो.

पार्श्वभूमी

१९५०च्या दशकात भारतीय फुटबॉलची प्रमुख केंद्रे कलकत्ता आणि हैदराबाद ही होती. मुंबईचे स्थान त्यांच्यानंतरचे. मात्र १८९१ पासून खेळवली जाणारी रोव्हर्स चषक स्पर्धा मुंबईत होत असल्याने देशातील उत्तम संघ दरवर्षी कूपरेज मैदानावर येत. १९५० ते १९५४ या सलग पाच वर्षांत हा चषक हैदराबाद पोलीस संघाने जिंकला. पुढे मेलबर्नमध्ये डिसूझा ज्यांच्या हाताखाली खेळले, ते सय्यद अब्दुल रहीम हेच या संघाचे प्रशिक्षक होते.

मुंबईच्या फुटबॉलला आधार होता तो कंपन्यांच्या संघांचा. टाटा, कॅल्टेक्स, बर्मा शेल, रेल्वे अशा आस्थापना खेळाडूंना नोकरी देत. खेळाडू दिवसा कचेरीत काम करी आणि संध्याकाळी सराव करी. खेळण्याचे वेतन मिळत नसल्याने त्याचा हौशी दर्जा अबाधित राही. ऑलिंपिकमध्ये त्या काळी केवळ हौशी खेळाडूंनाच प्रवेश होता, हे लक्षात घेतले तर या व्यवस्थेचे महत्त्व कळते. गोव्यातून मुंबईत स्थायिक झालेल्या ख्रिस्ती कुटुंबांतील अनेक तरुणांना या संघांनी मैदान आणि उपजीविका दोन्ही दिले. १९६२च्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघातील फॉर्च्युनाटो फ्रँको हेही टाटा संघाचेच खेळाडू होते. नेव्हिल यांचे भाऊ डेरेक डिसूझा यांनीही फुटबॉलमध्ये नाव कमावले.

डिसूझा टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळत. मुंबईच्या ज्या संघाने १९५४-५५च्या हंगामात संतोष करंडक जिंकला, त्यात त्यांचा समावेश होता. राज्य संघांच्या या राष्ट्रीय स्पर्धेत मुंबईचे हे पहिलेच विजेतेपद. तोवर करंडकावर प्रामुख्याने बंगालचेच वर्चस्व होते.

ऑलिंपिकपूर्वीचा भारतीय संघ

स्वातंत्र्यानंतर भारतीय संघ प्रथम १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकमध्ये उतरला. बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून भारत १–२ असा हरला. १९५२ मध्ये हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने भारताचा १०–१ असा दारुण पराभव केला. या पराभवानंतर बूट घालून खेळणे अनिवार्य झाले. मेलबर्नचा संघ घडला तो या धड्यानंतर.

रहीम यांच्या संघात हैदराबाद आणि कलकत्त्याच्या खेळाडूंचा भरणा होता. कर्णधार समर (बद्रू) बॅनर्जी होते. उजव्या बगलेवर पी. के. बॅनर्जी खेळत, तुलसीदास बलराम आणि जे. किट्टू हेही आघाडीच्या फळीतले. मुंबईतून डिसूझा यांच्यासोबत गोलरक्षक एस. एस. नारायण यांची निवड झाली होती. अशा संघात मधल्या आघाडीपटूची जागा मुंबईच्या खेळाडूला मिळणे सोपे नव्हते. त्या वेळी डिसूझा २४ वर्षांचे होते.

मेलबर्न, १९५६

मेलबर्नच्या फुटबॉल स्पर्धेतून अनेक देशांनी माघार घेतल्यामुळे प्रत्यक्षात ११ संघच खेळले. पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशी होती. हेलसिंकीत सुवर्ण जिंकलेल्या त्या देशाने ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील उठाव आणि सोव्हिएत लष्करी कारवाई यांनंतर फुटबॉल संघ पाठवला नाही. परिणामी भारत न खेळताच उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला.

१ डिसेंबर रोजी ऑलिंपिक पार्क मैदानावर ऑस्ट्रेलियाशी सामना झाला. नवव्या मिनिटाला डिसूझा यांनी भारताचे खाते उघडले. १७ व्या मिनिटाला ब्रूस मॉरो यांनी बरोबरी साधली. ३३ व्या मिनिटाला डिसूझा यांनी दुसरा गोल केला, तर मध्यंतरापूर्वी ४१ व्या मिनिटाला मॉरो यांनी पुन्हा बरोबरी केली. म्हणजे पूर्वार्धातील चारही गोल दोनच खेळाडूंचे होते. मध्यंतरानंतर पाचच मिनिटांनी डिसूझा यांनी तिसरा गोल करून हॅटट्रिक पूर्ण केली. ८० व्या मिनिटाला किट्टू यांनी चौथा गोल केला आणि भारताने ४–२ असा विजय मिळवला. आशिया खंडातील एखादा संघ ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पोहोचण्याची ही पहिलीच वेळ होती.

उपांत्य फेरीत ४ डिसेंबर रोजी भारतापुढे पुन्हा युगोस्लाव्हिया होता. चार वर्षांपूर्वी दहा गोल करणाऱ्या या संघाला भारताने पूर्वार्धात एकही गोल करू दिला नाही. उत्तरार्धाच्या प्रारंभी डिसूझा यांनी गोल करून भारताला आघाडी मिळवून दिली. ही आघाडी मात्र काही मिनिटेच टिकली. पापेक यांनी बरोबरी साधली, वेसेलिनोविच यांनी युगोस्लाव्हियाला पुढे नेले, पापेक यांनी आणखी एक गोल केला आणि शेवटी एका स्वयंगोलाने निकाल १–४ असा झाला. आकड्यांवरून हा सामना एकतर्फी वाटतो. प्रत्यक्षात पन्नासाहून अधिक मिनिटे तो तसा नव्हता.

कांस्यपदकासाठीचा सामना ७ डिसेंबर रोजी मेलबर्न क्रिकेट मैदानावर झाला. त्यात बल्गेरियाने भारताला ३–० असे हरवले. डिसूझा यांना गोल न करता आलेला हा स्पर्धेतील एकमेव सामना. दुसऱ्या दिवशी लेव्ह याशिन गोलरक्षक असलेल्या सोव्हिएत संघाने अंतिम सामन्यात युगोस्लाव्हियाला १–० असे नमवून सुवर्णपदक जिंकले.

सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या यादीत डिसूझा यांच्याबरोबर बल्गेरियाचे दिमितर मिलानोव्ह आणि युगोस्लाव्हियाचे तोदोर वेसेलिनोविच यांचीही प्रत्येकी चार गोलांसह नोंद आहे. या दोघांनीही आपापल्या उपांत्यपूर्व सामन्यात हॅटट्रिक केली होती: मिलानोव्ह यांनी ग्रेट ब्रिटनविरुद्ध, वेसेलिनोविच यांनी अमेरिकेविरुद्ध. आणि दोघांचाही चौथा गोल भारताविरुद्धचाच होता.

यजमान शहर आणि ‘फुटबॉल’ या शब्दाचा अर्थ

मेलबर्नमध्ये नुसते ‘फुटबॉल’ म्हटले, तर त्याचा अर्थ वेगळाच होतो. तेथे या शब्दाने ऑस्ट्रेलियन नियमांचा फुटबॉल ओळखला जातो. हा खेळ लंबगोलाकार मैदानावर लंबगोलाकार चेंडूने खेळतात. प्रत्येक संघात १८ खेळाडू असतात, चेंडू हातात घेऊन धावता येते आणि मधल्या दोन खांबांमधून लाथेने चेंडू मारल्यास सहा गुण मिळतात; बाजूच्या खांबांमधून गेल्यास एक. १९व्या शतकाच्या मध्यात हा खेळ याच शहरात आकाराला आला. १९५६च्या ऑलिंपिकमध्ये तो प्रदर्शनीय खेळ म्हणून समाविष्ट होता. त्याचा एकमेव सामना ७ डिसेंबर रोजी, भारत आणि बल्गेरिया ज्या मैदानावर खेळले त्याच मैदानावर झाला. हौशीपणाच्या अटीमुळे शहराचे नामांकित व्यावसायिक खेळाडू त्यात उतरू शकले नाहीत. हौशी संघटनेच्या संघाने व्हिक्टोरियातील दोन मोठ्या लीगांमधील हौशी खेळाडूंच्या संघाला ८१–५५ असे हरवले.

डिसूझा यांच्या तीन गोलांचे मोल ठरवताना ही पार्श्वभूमी दुर्लक्षून चालत नाही. ज्या देशाच्या दक्षिणेकडील राज्यांत गुणवान तरुण प्रथम ऑस्ट्रेलियन नियमांच्या फुटबॉलकडे वळत, त्याचा राष्ट्रीय फुटबॉल संघ युरोपीय संघांच्या तोडीचा नव्हता. अकरा दिवसांनंतर त्याची खात्रीच पटली: १२ डिसेंबरला सिडनीत झालेल्या मैत्रीपूर्ण सामन्यात भारताने ऑस्ट्रेलियाला ७–१ असे हरवले. स्पर्धेत संघ कमी होते आणि एकच सामना जिंकून भारत चौथा आला, हेही खरे. म्हणूनच केवळ हॅटट्रिकच्या आधारे डिसूझा यांना जागतिक दर्जाचे ठरवणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि युगोस्लाव्हियाविरुद्धच्या गोलाला ही सवलत लागू होत नाही. रौप्यपदक जिंकणाऱ्या, आणि चार वर्षांपूर्वी भारताला धूळ चारणाऱ्या, संघाविरुद्ध भारताला आघाडी देणारा तो गोल होता. हॅटट्रिकच्या तुलनेत त्याचा उल्लेख क्वचितच होतो.

नंतरची कारकीर्द

मेलबर्ननंतर डिसूझा मुंबईच्या फुटबॉलमध्ये खेळत राहिले. १९५८ मध्ये कॅल्टेक्सने रोव्हर्स चषक जिंकला, तेव्हा ते त्या संघात होते. हैदराबाद आणि कलकत्त्याच्या संघांची मक्तेदारी असलेल्या या स्पर्धेत मुंबईच्या कंपनीच्या संघाने मिळवलेले हे यश कूपरेजच्या प्रेक्षकांसाठी विशेष होते.

१९६०च्या रोम ऑलिंपिकसाठी निवडलेल्या भारतीय संघात डिसूझा नव्हते. तोवर चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी आणि बलराम या त्रयीने भारतीय आघाडीचा ताबा घेतला होता. रोममध्ये भारताने फ्रान्सशी १–१ अशी बरोबरी साधली, पण हंगेरी आणि पेरूकडून पराभूत झाल्याने संघ गटातच बाद झाला. त्यानंतर भारतीय फुटबॉल संघ ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेला नाही. त्यामुळे भारतीय खेळाडूने ऑलिंपिक फुटबॉलमध्ये केलेली हॅटट्रिक आजही एकच आहे.

१६ मार्च १९८० रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी, डिसूझा यांचे निधन झाले.

सन्मान आणि स्मृती

अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला. फुटबॉलसाठीचा पहिला पुरस्कार पी. के. बॅनर्जी यांना आणि दुसरा बलराम यांना मिळाला; दोघेही मेलबर्नमध्ये डिसूझा यांचे सहकारी. पुरस्कार सुरू झाला तेव्हा डिसूझा राष्ट्रीय संघात नव्हते आणि पुढेही त्यांचे नाव या यादीत आले नाही. मेलबर्नच्या संघातील बंगाल आणि हैदराबादच्या खेळाडूंविषयी त्या त्या प्रांतात पुष्कळ लिहिले गेले. मुंबईत क्रिकेटच्या झगमगाटापुढे फुटबॉलपटूंच्या वाट्याला तेवढी दखल आली नाही.

वांद्रे येथील एका फुटबॉल मैदानाला नेव्हिल डिसूझा यांचे नाव दिलेले आहे. कृत्रिम गवताच्या या मैदानावर मुंबईच्या जिल्हा लीगचे सामने होतात. सय्यद अब्दुल रहीम यांच्या जीवनावर आधारित ‘मैदान’ या २०२४ मध्ये प्रदर्शित झालेल्या हिंदी चित्रपटात डिसूझा यांची व्यक्तिरेखा आहे.