‘करंट येत नाही’ : एका तक्रारीचे तीन अर्थ

देखभालीचे काम आटोपल्यावर मोटरसायकलीच्या विद्युत्-यंत्रणेत बिघाड दिसला, की वाहनधारक व मेकॅनिक या दोघांच्याही तोंडी बहुधा एकच वाक्य येते : ‘करंट येत नाही’. तक्रार म्हणून ते पुरेसे आहे. निदान म्हणून मात्र अपुरे ठरते. कारण त्याच्या पोटी परस्परभिन्न अशा तीन अवस्था सामावलेल्या असतात.

पहिलीत मंडल खंडित झालेले असते : तार तुटते, किंवा टाकीखालचा कपलर पुरता बसलेला नसतो. दुसरीत सीटखाली दबलेल्या तारेचे आवरण फाटून तांबे सांगाड्यास टेकते. येथे प्रवाह थांबत नाही, उलट बेसुमार वाढून फ्यूज उडवितो. ‘वायर तुटली’ व ‘शॉर्ट झाली’ असे या दोहोंमधील भेद बोलीने नेमके टिपले आहेत. तिसऱ्या अवस्थेत सांधा जोडलेला असतो, परंतु गंज, रंग वा ढिला स्क्रू यांमुळे तेथील रोध वाढतो. ‘लूज कनेक्शन’ हे तिच्या एका कारणाचे नाव होय, अवस्थेचे नव्हे.

फसगत होते ती येथेच. सांध्याचा रोध केवळ ०.०५ ओहम आहे असे धरू. हेडलाइटचे सुमारे ३ अँपियर त्यातून जाताना ०.१५ व्होल्ट खर्ची पडतात. दिवा नेहमीसारखाच दिसतो. सेल्फसाठी ८० अँपियर वाहू लागले, तर त्याच सांध्यात ४ व्होल्ट नष्ट होतात आणि ‘टक्’ एवढाच आवाज येतो. मग ‘बॅटरी उतरली’ असा निष्कर्ष निघतो, नवी बॅटरी येते आणि दोष जागच्या जागी राहतो.

मेकॅनिक ज्याला ‘अर्थ’ म्हणतात, त्या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ भूमी. मोटरसायकलीत मात्र भूमीचा काही संबंध नसतो. आजच्या बहुतेक गाड्यांत बॅटरीचे ऋण टोक सांगाड्यास जोडलेले असते व प्रवाह त्याच वाटेने परततो. म्हणून सांगाडा नव्याने रंगविल्यानंतर ही वाट प्रथम पाहावी.

परीक्षा सोपी आहे. १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भारित असता विश्रांत स्थितीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. ती तशी असल्यास गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकास व दुसरे इंजिनच्या उघड्या धातूस लावावे आणि सेल्फ दाबावा. आकडा शून्याच्या जवळपास राहावा. एक-दोन व्होल्ट दिसल्यास परतीच्या वाटेतच दोष आहे, हे निश्चित होते.

एवंच, शोधाचा आरंभ जेथे हात लागला होता तेथून करावा : बॅटरी काढली असल्यास टर्मिनल, टाकी उचलली असल्यास कपलर. वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी जाड तार घालणे हे दुसऱ्या अवस्थेवर पहिलीचा उपाय योजण्यासारखे आहे; त्यामुळे फ्यूजऐवजी सारे वायरिंग जळण्याचा धोका ओढवतो.