स्वयंपाकघरातील अवशेषांपासून लागवड

स्वयंपाकघरातील अवशेषांपासून लागवड म्हणजे भाजी निवडताना, चिरताना किंवा फळ खाताना उरलेल्या खोड, कंद, पाकळी, शेंडा, बी अशा सजीव भागांपासून नवे रोप तयार करणे. जे अवशेष रुजत नाहीत, उदाहरणार्थ साली, देठ व सडका पाला, त्यांचे खत करून तेच झाडांना घालणे हा या उपक्रमाचा दुसरा भाग होय. परसबाग, गच्ची, सज्जा किंवा खिडकीतील कुंडी अशा कोणत्याही जागेत हे करता येते. मात्र प्रत्येक अवशेषापासून पुन्हा तीच भाजी मिळते, हा समज बरोबर नाही. कोणत्या भागातून काय उगवते, हे त्या वनस्पतीच्या रचनेवर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्र व गोव्यातील जुन्या घरांच्या परसदारी मोरीचे पाणी केळ, अळू, कर्दळ आणि नारळ यांच्या आळ्यांत सोडण्याची रीत होती. भांडी राखेने घासली जात असल्यामुळे त्या पाण्यातून झाडांना पालाशही मिळे. कोकणात मासे धुतलेले पाणी नारळाला किंवा मिरचीच्या रोपांना घालत. केरकचरा, शेण व चुलीतील राख उकिरड्यावर साठवून पावसाळ्यापूर्वी शेतात नेली जाई. ‘उकिरड्याचीही दैना बारा वर्षांनी फिटते’ ही म्हण याच व्यवस्थेच्या परिसरात रुजलेली आहे.

कचऱ्यापासून खत करण्याच्या आधुनिक पद्धतींच्या इतिहासात भारताला महत्त्वाचे स्थान आहे. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथील संशोधन संस्थेत वनस्पतिजन्य टाकाऊ पदार्थ व शेण यांचे थर रचून खत करण्याची पद्धत विकसित केली. ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. या कामावरील ग्रंथ हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील ना. दे. पांढरीपांडे यांनी थोड्या शेणात पुष्कळ खत देणारी, जाळीदार विटांच्या टाक्याची पद्धत रूढ केली. तिला त्यांच्याच नावावरून ‘नाडेप’ म्हणतात. गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या माध्यमातून अल्प जागेत, उपलब्ध पालापाचोळ्यावर व सूर्यप्रकाशाच्या पूर्ण वापरावर आधारलेल्या शेतीचा विचार मांडला. त्यांचा ‘विपुलाच सृष्टी’ हा ग्रंथ या विषयातील प्रसिद्ध ग्रंथ आहे.

शास्त्रीय आधार

वनस्पतीच्या शेंड्यावर, खोडाच्या पेरांवर व कंदाच्या डोळ्यांवर सतत विभागणाऱ्या पेशींचा समूह असतो. अनुकूल ओलावा व उष्णता मिळताच या पेशींतून नवे अंकुर फुटतात. खोडाच्या कापलेल्या टोकाजवळ ऑक्झिन हे संप्रेरक साठल्याने तेथे आगंतुक मुळे निघतात. म्हणून ज्या अवशेषात पेर, डोळा किंवा जिवंत बी आहे तोच रुजतो. गाजराच्या सालीत किंवा कोबीच्या सुट्या पानात असा डोळा नसतो. त्यामुळे ती मातीत घातल्यास कुजतात, उगवत नाहीत.

बाजारातून आणलेले सर्वच कंद उगवतात असे नाही. साठवणीत मोड येऊ नयेत म्हणून बटाटे व कांदे यांवर काही वेळा अंकुररोधक प्रक्रिया केलेली असते. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये उभारलेला ‘कृषक’ हा विकिरण प्रकल्प अशाच हेतूने सुरू झाला. विकिरणित कांदा खाण्यास योग्य असतो, पण त्याला मोड येत नाहीत.

अवशेषांनुसार लागवड

पूर्ण पीक देणारे अवशेष

* आले व हळद: डोळे फुगलेला तुकडा एप्रिल–मे महिन्यात, डोळा वर ठेवून, दोन बोटे खोल लावावा. पाने पिवळी पडून वाळू लागली, म्हणजे साधारणपणे आठ ते नऊ महिन्यांनी, कंद काढता येतात. कुंडी खोल असण्यापेक्षा रुंद असणे अधिक उपयुक्त ठरते, कारण गड्डा आडवा वाढतो.
* लसूण: मोठी, न सोललेली पाकळी टोक वर ठेवून ऑक्टोबर–नोव्हेंबरमध्ये लावतात. गड्डा भरण्यास थंडी लागते. इतर ऋतूंत मुख्यतः हिरवी पात मिळते.
* अळू: कंदाचा किंवा मुळासह खोडाचा तुकडा ओलसर जागी लावला की पाने सतत मिळतात. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म स्फटिक असल्याने घसा खवखवतो. म्हणून त्याच्या फतफत्यात किंवा वडीत चिंच अथवा आमसूल घालण्याची प्रथा आहे.
* रताळे: रताळ्याला फुटलेले वेल कापून, तीन-चार पेरे मातीत जातील अशा बेताने लावतात. कोवळ्या पानांचीही भाजी होते.
* बटाटा: दोन-तीन डोळे असलेली फोड एक-दोन दिवस सुकवून थंडीच्या सुरुवातीस लावावी. उघडे पडलेले कंद मातीने झाकावे लागतात, कारण उजेडात हिरव्या झालेल्या बटाट्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढते.
* पुदिना व गवती चहा: पुदिन्याची पाने खुडल्यावर उरलेली काडी पाण्यात ठेवल्यास सुमारे आठवड्यात मुळे धरते. गवती चहाची बुडाशी शाबूत असलेली काडी थेट मातीत लावता येते.

केवळ पाला देणारे अवशेष

गाजर, मुळा व बीट यांचा पानांलगतचा वरचा काप थोड्या पाण्यात ठेवल्यास नवी पाने फुटतात. परंतु खाण्याचे मूळ पुन्हा तयार होत नाही, कारण ते त्या रोपाचे एकदाच वाढणारे सोटमूळ असते. कोंब आलेला कांदा मातीत लावल्यास पात मिळते व पुढे फुलोरा येतो. कांदा हे द्विवार्षिक पीक असून पहिल्या वर्षी गड्डा व दुसऱ्या वर्षी बी हा त्याचा क्रम आहे. कोबीच्या बुंध्यातून लहान पाने येतात, क्वचित छोटे गड्डेही धरतात. या गटातील अवशेष साठवलेल्या अन्नावर काही आठवडेच तग धरतात. म्हणून मुळे फुटताच ते पाण्यातून काढून मातीत लावणे इष्ट असते.

मसाल्याच्या डब्यातील बिया

धने, मेथी, मोहरी व बडीशेप ही मुळात बियाणेच आहेत. फार जुनी किंवा भाजलेली नसल्यास ती उगवतात. धन्याच्या एका गोल फळात दोन बिया असतात, म्हणून पेरण्यापूर्वी धने हलकेच रगडून दोन भाग करतात. मेथी तीन ते पाच दिवसांत उगवते व महिन्याच्या आत खुडण्याजोगी होते. टोमॅटो, मिरची व भोपळा यांच्या बियाही रुजतात, परंतु मूळ फळ संकरित वाणाचे असल्यास पुढील पिढीत एकसारखी फळे मिळत नाहीत.

फळझाडे

फळांच्या बियांपासून रोप मिळणे सोपे, पण तेच फळ मिळणे अवघड असते. हापूस आंब्याच्या कोयीतून उगवलेले झाड हापूसची फळे देईलच असे नाही, कारण ते बी दोन झाडांच्या संकरातून तयार झालेले असते. असे रायवळ झाड फळावर येण्यास अनेक वर्षे लागतात. तरीही कोय निरुपयोगी नसते. कोकणात कोयी रुजवून, कोवळ्या तांबूस पानांच्या रोपावर इच्छित जातीची काडी बांधून ‘कोय कलम’ करतात. आंब्याच्या कोयीची उगवणशक्ती लवकर नष्ट होत असल्यामुळे ती ताजीच लावावी लागते.

कागदी लिंबाच्या एका बीमध्ये बहुधा एकाहून अधिक अंकुर असतात व त्यांतील काही मातृवृक्षासारखेच असतात. म्हणून कागदी लिंबाची लागवड बियांपासूनही केली जाते. पपईच्या बियांवरील बुळबुळीत आवरण राखेने चोळून धुऊन काढल्यास उगवण चांगली होते. पपईत नर व मादी झाडे वेगळी असू शकतात. म्हणून एका आळ्यात तीन-चार रोपे ठेवून, फुले आल्यावर निवड करतात. अननसाचा शेंडा खालची पाने काढून, काही दिवस सुकवून लावल्यास दीड ते दोन वर्षांनी फळ धरतो. बाजारातील केळीच्या फळात उगवणक्षम बी नसते. केळीची लागवड मुनव्यांपासूनच होते.

ओल्या कचऱ्याचे खत

भाजीचा पाला व साली यांत नत्र व पाणी अधिक असते, तर वाळलेली पाने, नारळाची शेंडी, काथ्या व लाकडाचा भुसा यांत कर्ब अधिक असतो. सूक्ष्मजीवांच्या वाढीसाठी या दोहोंचे मिश्रण असे असावे लागते की कर्ब व नत्र यांचे प्रमाण सुमारे २५ ते ३० ला १ येईल. घरगुती पातळीवर हे मोजण्याची गरज नसते. जेवढा ओला कचरा तेवढाच किंवा त्याहून थोडा अधिक सुका पाला, आकारमानाने, घातला म्हणजे पुरते.

बुडाला व कडेला छिद्रे असलेला माठ, बादली किंवा प्लास्टिकची जाळीदार पेटी घ्यावी. तळाशी नारळाच्या शेंड्यांचा थर देऊन त्यावर रोजचा बारीक चिरलेला कचरा व सुका पाला यांचे थर द्यावेत. सुरुवातीस मूठभर जुने खत, शेण किंवा आंबट ताक विरजणासारखे घातल्यास क्रिया लवकर सुरू होते. आठवड्यातून एक-दोनदा ढवळल्याने हवा खेळती राहते. मूठ दाबल्यावर हात ओलसर व्हावा, पण पाणी गळू नये, इतका ओलावा योग्य समजतात. भांडे भरल्यानंतर साधारणपणे दोन ते तीन महिन्यांत खत तयार होते. त्याला पहिल्या पावसातील मातीसारखा वास येतो व मूळ पदार्थ ओळखू येत नाहीत.

या क्रियेतील बिघाडांची कारणे बहुधा साधी असतात. दुर्गंधी येत असल्यास पाणी अधिक झालेले असते व हवा कमी पडलेली असते. अशा वेळी सुका पाला मिसळून ढवळावे. मुंग्या लागल्यास मिश्रण फार कोरडे झालेले असते. पांढरी बुरशी हे कुजण्याचेच लक्षण असून ती अपायकारक नाही. अळ्या झाल्यास वर मातीचा किंवा सुक्या पाल्याचा जाड थर द्यावा. तेलकट शिल्लक अन्न, लोणची, मांस व हाडे लहान भांड्यात घालू नयेत, कारण त्यांवर उंदीर व माश्या येतात.

झाडांचे नैसर्गिक पोषण

तयार खत कुंडीतील मातीत एक-तृतीयांशापर्यंत मिसळतात व पुढे दर महिन्याला मूठ-दोन मुठी वरून देतात. याखेरीज पुढील पदार्थ वापरले जातात:

* निंबोळी पेंड: तेल काढल्यानंतर उरलेला हा चोथा हळूहळू नत्र देतो व मुळांवरील सूत्रकृमींना आळा घालतो.
* जीवामृत: पद्मश्री सुभाष पाळेकर यांनी प्रचारात आणलेल्या या द्रावणात २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, प्रत्येकी २ किलो गूळ व डाळीचे पीठ आणि मूठभर माती घालून ते सुमारे दोन दिवस आंबवतात. घरगुती बागेसाठी हेच प्रमाण कमी करून घेता येते.
* चहाचा चोथा: साखर व दूध धुऊन काढल्यावरच वापरावा, अन्यथा मुंग्या व बुरशी येते.
* राख: केवळ लाकडाची व अल्प प्रमाणात वापरावी. ती अल्कधर्मी असल्यामुळे आधीच अल्कधर्मी असलेल्या काळ्या जमिनीत जपून वापरणे योग्य.
* तांदळाचे धुवण: त्यात थोडा स्टार्च व अल्प क्षार असतात. ते पाण्याऐवजी देता येते, मात्र ते खताची जागा घेऊ शकत नाही.

प्रचलित समजुती

केळीच्या साली पाण्यात भिजवून ते पाणी झाडांना घातल्यास भरपूर फुले-फळे येतात, असे सांगितले जाते. सालींत पालाश असतो व त्याचा काही अंश पाण्यात उतरतो. परंतु नत्र व स्फुरद त्यातून नगण्य मिळते. साली खतात कुजवणे अधिक लाभदायक ठरते. अंड्याचे कवच बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचे असते. ते अखंड घातल्यास वर्षानुवर्षे तसेच राहते, तर पूड केल्यास आम्लधर्मी मातीत हळूहळू विरघळते. टोमॅटोच्या फळाचे बूड काळे पडणे हे पुष्कळदा मातीत कॅल्शियम नसल्यामुळे नव्हे, तर अनियमित पाण्यामुळे ते फळापर्यंत न पोहोचल्याने घडते. त्यावर नियमित पाणी हाच पहिला उपाय होय. कच्च्या साली थेट कुंडीत पुरल्यास त्या कुजताना मुळांना हवा कमी पडते व चिलटे वाढतात.

दक्षता व मर्यादा

भांडी घासण्यासाठी आता राखेऐवजी साबण व धुलाई चुरा वापरला जात असल्याने मोरीचे पाणी थेट खाण्याच्या झाडांना देणे उचित नाही. रोगट बटाटे किंवा टोमॅटो लावल्यास करपा व विषाणूजन्य रोग बागेत पसरू शकतात. कच्चे शेण किंवा द्रव खत पालेभाज्यांच्या पानांवर शिंपडू नये, कारण घरगुती भांड्यातील खत रोगजंतू मरण्याइतके तापतेच असे नाही. पाण्यात अवशेष वाढवताना पाणी दररोज बदलावे. फळभाज्यांना दिवसाला सुमारे सहा तास ऊन लागते. कमी उजेडाच्या घरात पुदिना व अळू यांसारखी पिकेच निवडावीत. या लागवडीतून कुटुंबाची संपूर्ण गरज भागत नाही.

महत्त्व

भारतीय शहरांतील घनकचऱ्याचा सुमारे निम्मा भाग कुजणारा असतो. तो इतर कचऱ्यात मिसळून कचरा आगारात साठला की हवेविना कुजून मिथेन वायू निर्माण होतो, आगी लागतात व झिरपणाऱ्या पाण्यामुळे आसपासच्या वस्त्यांतील विहिरी दूषित होतात. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी ओला, सुका व घरगुती घातक कचरा वेगळा करणे प्रत्येक घराला बंधनकारक केले. ओला कचरा घरीच जिरला तर आगारालगत राहणाऱ्यांवरील भार तेवढा हलका होतो. शाळांच्या परसबागांतही या पद्धती शिकवणीचे साधन ठरतात. अंकुरण, कायिक प्रजनन, विघटन व पोषणद्रव्यांचे चक्र हे पाठ्यपुस्तकातील घटक एका कुंडीत व एका माठात प्रत्यक्ष पाहता येतात.